पुढ्यात खाणं, पण भूक नाही

इनपुट वाढवलं की आउटपुट वाढतं, असं मानायची आपल्या धंद्यात सवयच आहे. काम अडलं? अजून सर्व्हर टाका, अजून माणसं टाका. न्यूझीलंडमधल्या हरणांना हे अजिबात मान्य नाही :-)

तिकडे मटणासाठी तांबडी हरणं पाळतात, कुंपण घातलेल्या कुरणात, अगदी मेंढ्यांसारखी. (आपल्याकडे १९७२चा वन्यजीव कायदा आहे, त्यामुळे कल्पना करणंही जड जातं.) ती मूळची तिथली नाहीत. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी शिकारीसाठी नेली, ती बेसुमार वाढली, मग सरकारनेच पगारी शिकारी नेमले. पुढे लोक त्यांना चक्क हेलिकॉप्टरमधून जिवंत पकडायला लागले. असो, तो वेगळाच सिनेमा आहे.

पाडसं जन्मतात नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात. मार्चच्या आसपास आईपासून तोडतात. जूनमध्ये हिवाळा आला की वाढ मंदावते. तुम्ही म्हणाल, गवत कमी पडत असेल. पण गंमत इथेच आहे. हवं तेवढं चांगलं खाणं पुढ्यात ठेवलं तरी पाडसं कमीच खातात! रात्र मोठी झाली की शरीरात मेलाटोनिन जास्त वेळ पाझरतं आणि भूक उतरते. संशोधकांनी गोठ्यात दिवे लावून भर हिवाळ्यात १६ तासांचा 'दिवस' केला, तर काही आठवड्यांत तशीच पाडसं जास्त खायला लागली, वाढायलाही लागली. पण कुरणात कोण दिवे लावणार?

शेतकऱ्याची पंचाईत अशी की या मटणाचं जुनं गिऱ्हाईक जर्मनी, आणि तिथे हरीण खायचा मोसम शरद ऋतूत. म्हणजे चांगला भाव सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, आणि पाडसाची भूक नीट उघडते तीही तेव्हाच. हरीण एका गोलार्धाचं कॅलेंडर बघतं, बाजार दुसऱ्या.

म्हणून खरी कमाई मार्च ते मे. भूक शाबूत असते तेव्हाच चिकोरी, लाल क्लोव्हर असला सकस चारा घालून वजन चढवून घ्यायचं. हिवाळ्यात मुरघास, थोडं बार्ली देतात. त्यानं वजन फारसं चढत नाही, पण हात आखडला तर घसरतं. हरणाच्या अंगावर चरबी बेताची, थंडी-वारं त्याला सोसत नाही. वसंतात भर निघते म्हणतात. निघते, पण सगळी नाही, आणि तोवर भाव उतरलेला असतो.

काहींनी थोराड वापिटी नराशी संकर केला. पाडसं मोठी होतात खरी. जूनमध्ये भूक मात्र त्यांचीही उतरतेच.