शुद्ध इंग्रजीतला मेल

मी नांदेडला इंग्रजी शिकवते. त्यामुळे फसवे ईमेल ओळखायची माझी पद्धत ठरलेली होती : भाषा तपासायची. क्रियापद चुकलं, स्पेलिंग घसरलं, की मेल खोटा. मुलांनाही मी हेच सांगायचे. आणि मनात, न बोलता, त्याच्या पुढचंही वाक्य असायचंच : जो फसतो तो कमी शिकलेला.

जानेवारी २०२१मध्ये आमच्या शहरातल्या शंकर नागरी सहकारी बँकेचे चौदा कोटींहून अधिक रुपये ऑनलाइन परस्पर वळते झाले. कसे, याची मला काडीचीही माहिती नव्हती. तरी स्टाफरूममध्ये चहा घेता घेता मी निकाल देऊन टाकला, ‘कुणीतरी न वाचता कशावर तरी क्लिक केलं असणार.’ माहिती नव्हती तिथं मी माझी पदवी ठेवली.

धाकट्या भावाचं औशाला कृषी सेवा केंद्र आहे. खरिपाआधी सोयाबीन बियाण्याच्या बुकिंगची रक्कम कंपनीकडे आगाऊ भरावी लागते. एका वर्षी मेल आला : ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, रक्कम सोबतच्या नव्या खात्यावर भरावी. भावाचं इंग्रजी जेमतेम, म्हणून त्यानं तो मला पाठवला. स्वल्पविराम जागच्या जागी, सूर अदबीचा, तळाशी कंपनीचं बोधचिन्ह, मागच्या व्यवहाराचा उल्लेखही बरोबर. ‘खरा आहे, भर बिनधास्त,’ मी कळवलं.

त्यानं भरली नाही.

‘ताई, इंग्रजी चांगलं हाय म्हणून पैसे सोडायचे का?’ म्हणाला, आणि दरवर्षी दुकानात येणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावला. नंबर मेलमधला घेतला नाही, स्वतःच्या उधारीच्या वहीतला काढला. खातं बदललेलंच नव्हतं.

मग मी तो मेल पुन्हा उघडला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात, कंपनीच्या नावातल्या ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी चिकटवले होते. लहान अक्षरांत ते हुबेहूब ‘एम’सारखे दिसतात. मुद्रितं तपासताना हीच चूक मी कितीदा तरी पकडली आहे! पण मजकूर इतका शुद्ध होता की पत्त्याकडे माझी नजर गेलीच नाही. खरं सांगायचं तर मला तो मेल आवडला होता. लिहिणाऱ्याचं कौतुकच वाटलं होतं, चोर असेल अशी शंकाही आली नाही. आणि ज्या भावाला मी वर्षानुवर्षं ‘याला काय कळतंय’ अशाच सुरात मदत करत आले, त्याची शंका मात्र मी दोन ओळींत मोडीत काढली होती. हे अजून त्याला सांगितलेलं नाही.

पुढे बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतल्या २०१६च्या चोरीबद्दल वाचलं. ८.१ कोटी डॉलर गेले. चोरांनी पाय ठेवला तो आदल्या वर्षी, नोकरीच्या अर्जाच्या रूपानं : अर्जदार नम्र, सोबत बायोडाटाची लिंक. ती उघडणारे काय अडाणी होते?

आणि खरे मेल कसे असतात? माझ्या बँकेचा केवायसीचा खराखुरा मेल इतका गचाळ, इतका घाईचा होता, की मी तो पुसून टाकला. खातं गोठल्यावर शाखेत जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं. लिंक दाबू नका म्हणून बजावणाऱ्यांनीच लिंक पाठवायची, हे बाकी अजब आहे.

रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२५अखेरपर्यंत बँकांना आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं. पत्त्याचा हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. मी उत्साहानं भावाला हे ऐकवलं. ‘बँकेचं जमलं,’ तो म्हणाला, ‘बियाणंवाल्याचं काय?’

त्याच्याकडे कंपनीचं नवं दरपत्रक आलं ते प्रतिनिधीच्या साध्या जीमेलवरून, ‘ॲडव्हान्स’चं स्पेलिंग चुकवून. त्यानं आधी फोन केला, मग रक्कम भरली. मला काही तपासायला पाठवलं नाही.