पाठीमागची अक्षरे

आमच्या सुरतेच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत एक जुने छायाचित्र होते. पणजोबा खुर्चीत बसलेले आणि मागे तीन स्त्रिया उभ्या. पाठीमागे पणजोबांच्या हातच्या मोडीतल्या दोन ओळी होत्या. त्या तिघींची नावे तेथे आहेत, एवढेच वडील सांगत. घरात मोडी वाचणारे कोणी उरले नव्हते.

२००३ साली पुतण्याने स्कॅनर आणला. छायाचित्राच्या दोन्ही बाजू उतरवून घेताना त्याने विचारले, "काका, मागची बाजू मोठी ठेवू का?" संगणकात जागा थोडी होती. मी म्हणालो, "नको रे, लहानच कर. मूळ आहेच की घरात." ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीवाटे शहरात शिरले, आणि ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला.

मागील वर्षी ती प्रत एका मोडी जाणणाऱ्या स्नेह्यांना दाखवली. चेहरे बरे होते. अक्षरांची मात्र शिरोरेघ तेवढी शाबूत. तिच्याखाली नुसता धुरकट ओघळ. "रेघ वाचता येते, नावे नाहीत," ते म्हणाले.

हे कसे घडले, ते पुतण्याने समजावले. जेपेग पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडतात आणि प्रत्येकातील छटा संथ व द्रुत लहरींत मांडतात. या मांडणीचे गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. डोळ्यांना द्रुत लहरींची उणीव फारशी जाणवत नाही, म्हणून त्यांना कात्री लागते. गालावरची छाया संथ लहरींत टिकते. बोरूचे बारीक वळण द्रुत लहरींतच असते. गुणवत्तेचा आकडा जितका खाली, तितकी कात्री मोठी. तो आकडा मीच खाली आणवला होता.

हे काम करणाऱ्या तयार आज्ञावलींच्या संचाला संगणकाचे लोक 'लायब्ररी' म्हणतात, याचे मला कौतुक वाटले. टॉम लेन यांच्या पुढाकाराने 'इंडिपेंडंट जेपेग ग्रुप' या स्वयंसेवकांच्या गटाने असा संच १९९१ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, वापरावी, तीवर व्यापारही करावा. अटी मोजक्याच, त्यांतली एक अशी की, आपला कार्यक्रम या गटाच्या कामावर काही अंशी आधारलेला आहे, हे सोबतच्या माहितीपत्रकात नमूद करावे. पैसा नको, नाव राहू द्या.

ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. आमच्या पणजोबांनीही तीन नावांसाठी एवढेच केले होते.

ज्यांच्या घरी अशी पाठीमागची अक्षरे अजून आहेत, त्यांनी ती पीएनजीसारख्या, काही न गाळणाऱ्या स्वरूपात उतरवावीत. आणि त्याआधी, मोडी जाणणारे कोणी भेटले तर त्याच दिवशी वाचून घ्यावीत.