दूरच्या ओळखी

माझी नोकरी गेली त्याचं कारण आमच्या कारखान्याच्या बाहेर होतं. १ एप्रिल २०२० ला वाहनांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाले. छोटी डिझेल इंजिनं त्या नियमांत बसवणं परवडेना, म्हणून काही कारकंपन्यांनी ती बंदच केली. एप्रिल २०२३ मध्ये त्याच नियमांचा दुसरा टप्पा आला. चाकणला आम्ही डिझेल इंजिनांच्या बेअरिंग कॅप मशिनिंग करून द्यायचो. ऑर्डरी आटत गेल्या. आधी तिसरी शिफ्ट थांबली, मग लाइनच बंद झाली. क्वालिटीत मी सीनियर, पगार त्या मानाने जास्त, त्यामुळे पहिल्या यादीतच नाव आलं. एचआरने समोर कागद ठेवला आणि सांगितलं, राजीनामा लिहून द्या, एक्स्पीरियन्स लेटर चांगलं देतो.

याआधीच्या नोकऱ्या मला पेपरातल्या वॉक-इनच्या जाहिरातींतून मिळाल्या होत्या. आता तसल्या जाहिराती फारशा दिसत नाहीत. सगळे सांगत होते, लिंक्डइनवर जा, नोकरी डॉट कॉमवर रिज्युमे टाक. दोन्ही केलं. नोकरी डॉट कॉम १९९७ पासूनची, आपल्याकडची जुनीजाणती साइट. तिथून कन्सल्टन्सीवाल्यांचे फोन लगेच सुरू झाले. पण बहुतेकांचा पहिला प्रश्न सध्याच्या सीटीसीचा आणि दुसरा वयाचा. चव्वेचाळीस म्हटलं की ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवायचे.

लिंक्डइनचं प्रोफाइल मात्र मी सावकाश बसून केलं. नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची जागा असते. तिथे ‘मेहनती आणि ध्येयवादी व्यावसायिक’ अशा छापाचं लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. माणूस शोधणारा एचआर आपलं नाव टाकून शोधत नसतो, त्याला हव्या असलेल्या कामाचे शब्द टाकत असतो. म्हणून मी सरळ लिहिलं: सप्लायर क्वालिटी, कास्टिंग आणि मशिनिंग, पीपॅप, आयएटीएफ १६९४९ ऑडिट, चाकण. खाली प्रत्येक नोकरीत नेमकं काय केलं ते दोन-तीन वाक्यांत. कोणत्या पार्टचं रिजेक्शन होतं, कारण काय सापडलं, ते कसं बंद केलं.

फोटोभोवती ‘काम शोधत आहे’ असं सांगणारी हिरवी चौकट लावायची सोय आहे. काम शोधतोय हे सगळ्यांना कळू द्यायचं की चौकट न लावता फक्त भरती करणाऱ्यांना, हे आपण ठरवायचं. नोकरी चालू असताना बदल शोधणाऱ्याने दुसरा पर्याय घ्यावा. माझी तर गेलेलीच होती. नात्यातल्या एकीने फोन करून विचारलं, ‘अगं, असं चारचौघांत कशाला सांगायचं?’ मी चौकट काढली नाही. लाइन बंद पडून नोकरी जाणं यात तोंड लपवण्यासारखं काय आहे?

अर्जही भरपूर केले. एका बटणावर अर्ज जातो, पण ते बटण सगळ्यांनाच सोपं असतं. जाहिरात पडून दिवस उलटत नाही तोवर शंभरहून जास्त अर्ज आल्याचं तिथेच दिसतं. तिकडून मला एकही इंटरव्ह्यू आला नाही. मग मी जुन्या माणसांकडे वळले. रोजच्या उठबशीतल्यांकडे नाही, कारण ते सगळे चाकणचे, तेही माझ्यासारखेच हवालदिल. कधीकाळी कामानिमित्त भेटलेले, पुढे संपर्क सुटलेले असे लोक एकेक करून शोधले आणि प्रत्येकाला वेगळा मेसेज लिहिला.

त्यांत एक होते कोल्हापूरचे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते क्वालिटी बघायचे. त्यांच्याकडून येणाऱ्या कास्टिंगमध्ये बोअर केल्यावर ब्लोहोल, म्हणजे आत वायू अडकून झालेली छिद्रं, उघडे पडायचे. लॉटच्या लॉट मी परत पाठवले होते. शेवटी मीच तिकडे गेले. आम्ही दोघं मिळून साच्याच्या वाळूच्या ओलाव्याचं रजिस्टर काढून बसलो. सकाळच्या पाळीत ओलावा ठरलेल्या मर्यादेत होता, रात्रीच्या पाळीत कोणी मोजतच नव्हतं, आणि वाईट कास्टिंग सगळी रात्रीची होती. दर तासाला मोजणी सुरू झाली आणि ब्लोहोल आटोक्यात आले. त्यांना मी मराठीतच लिहिलं: ‘सर, ब्लोहोलच्या वेळी शिरोलीला आले होते ती मी. आमची लाइन बंद झाली. सप्लायर क्वालिटीत काम शोधते आहे. नोकरी मागत नाही, पण तुमच्या माहितीत कुठे जागा निघाली तर कळवाल का?’

त्याच संध्याकाळी फोन आला. ‘मॅडम, तुमाला ओळख द्यायला लागती व्हय?’ ते आता रांजणगावला ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स करणाऱ्या कारखान्यात होते. तिथे कास्टिंगच्या सप्लायरांकडे जाऊन बसणारा माणूस हवा होता आणि जागेची जाहिरात अजून आलेली नव्हती.

काम असं दूरच्या ओळखीतून का मिळतं याचा पुढे मी शोध घेतला. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना त्यांनी विचारलं की, ती ओळखीची व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची? वरचेवर भेटणारी म्हणणारे १७ टक्क्यांच्या आसपास होते. अधूनमधून भेटणारी म्हणणारे ५६ टक्क्यांच्या जवळ आणि उरलेल्यांना ती क्वचितच भेटायची. जवळच्यांना माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी लांबच्याकडून येते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्याच सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला, त्याचाही निष्कर्ष याच दिशेचा आहे. फक्त ओळख अगदीच पुसट असून चालत नाही, थोडा धागा हवा. माझ्या बाबतीत तो धागा वाळूच्या रजिस्टरचा होता.

याच काळात माझ्याबरोबर काम गेलेल्या एका मुलाला लिंक्डइनवरच ‘एचआर मॅनेजर’चा मेसेज आला. व्हॉट्सॲपवर दहा मिनिटांचा इंटरव्ह्यू, लगेच ऑफर लेटर, आणि लॅपटॉपसाठी परत मिळणारं डिपॉझिट भरा म्हणून मागणी. त्याने पैसे भरण्याआधी मला दाखवलं म्हणून वाचला. पत्र मोठ्या कंपनीच्या नावाचं होतं, मेल साध्या जीमेलवरून आला होता. काम देणारा कधीही पैसे मागत नाही, हे त्याला मी सांगितलं आणि इथेही सांगते. कोणाचे पैसे गेलेच असतील तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा, जितका उशीर तितकी रक्कम हाती लागणं अवघड.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. आमच्या लाइनवरचे आयटीआय झालेले ऑपरेटर, कंत्राटावरची मुलं यांच्यापैकी जवळपास कोणीच लिंक्डइनवर नव्हतं. त्यांचं काम आजही ठेकेदाराच्या फोनवर आणि गेटवरच्या पाटीवर अवलंबून आहे. आमच्या सीएमएम या मापाच्या यंत्रावरच्या ऑपरेटरचा हात इतका तयार की त्याच्या मापावर मी डोळे झाकून सही करायचे. त्याचं प्रोफाइल मी बसून करून दिलं आणि त्याच्या कामाची शिफारस माझ्या नावाने लिहिली. तळेगावला त्याला काम लागलं ते ती शिफारस वाचून, असं त्याच्या नव्या साहेबांनीच त्याला सांगितलं.

रांजणगावचे इंटरव्ह्यू रीतसर झाले, ड्रॉइंग पुढ्यात ठेवून प्रश्न विचारले गेले. पगार आधीपेक्षा थोडा कमी, तो मी मान्य केला.

ज्यांची नोकरी शाबूत आहे त्यांना माझी एक विनंती आहे. जुन्या ओळखीतल्या कोणाचा मेसेज आला तर ‘बघतो’ एवढ्यावर सोडू नका. जागा नसेल तर नाही म्हणून सांगा, पण त्याच्या प्रोफाइलवर चार ओळींची शिफारस लिहा, आणि त्यात त्याने तुमच्यासमोर केलेलं एखादं काम नावानिशी सांगा.