खडू, काजळ आणि राख

मंडळी, आमच्या पेठमध्ये 'पार्ट' हा शब्द ऐकला की माणूस गंभीर होतो. मेकॅनिक म्हणाला, "गुरुजी, पार्ट गेलाय," की समजायचे, आता नाशिक गाठायचे. म्हणजे पन्नास-पंचावन्न किलोमीटर, वाटेत सावळघाट, आणि पावसाळा असेल तर अख्खा दिवस गेलाच. बरे, तिथे जाऊन तरी तो मिळेलच असे नाही. कंपनीने मॉडेल बंद केले की दुकानदार हात वर करतो.

आमच्या घरातले शिलाईचे हातमशीन असेच अडले. ते हिच्या माहेरचे, लग्नात आलेले, म्हणजे पन्नास वर्षांच्या वरचे. माझा पगार तुटपुंजा होता तेव्हा शेजारपाजारच्या बायकांची पोलकी शिवून हिने मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागवला. हातमशीनच्या हँडलजवळ बोटाएवढा एक तुकडा असतो. तो चाकाच्या आऱ्यांत अडकतो, म्हणून हँडलबरोबर चाक फिरते. तो तुटला. एका दुकानदाराने सांगितले, "भंगारात द्या, नवीन घ्या." ही काही बोलली नाही. मुकाट्याने मशीनवर झाकण घातले. थोरल्या नातीला दिवस गेलेले, तिच्या बाळासाठी दुपटी शिवायची होती. ते मौन मला फार टोचले.

माझ्याकडे लेथ नाही की मिलिंग नाही. छोटा व्हाइस, हॅक्सॉ, तीन कानशी, एक पंच आणि हाताने फिरवायचे ड्रिल, एवढाच संसार. आणि मी तर मराठीचा बी. ए.! पण हे काम करताना लक्षात आले की लागणारे निम्मे साहित्य घरातच असते.

पहिली राख. बाजारच्या दिवशी लोहाराकडून कमानपाट्याचा एक तुकडा आणला. ट्रकच्या या पाट्यांपासूनच तो कोयते करतो. पण हे पोलाद इतके कडक की कानस त्यावरून नुसती घसरते. मग तो तुकडा चुलीत लालभडक केला आणि रात्रभर राखेत पुरून ठेवला. पोलाद लाल करून पाण्यात बुडवले तर कडक होते, सावकाश निवू दिले तर मऊ. तांब्याचे तसे नाही. ठोकून ठोकून ते ताठर होते, तापवले की पुन्हा नरम पडते, मग पाण्यात विझवले तरी चालते. म्हणून तर नाशिकचे तांबट भांडे घडवताना मधूनमधून ते तापवून घेत आणि शेवटचे ठोके गार भांड्यावर घालत. त्या ठोक्यांनी नुसती नक्षी दिसत नाही, पत्रा बळकट होतो.

दुसरा खडू. तो तर माझा जन्माचा सोबती! कानशीच्या दातांत खडू घासून ठेवला की धातूचा कीस अडकून बसत नाही आणि कामावर ओरखडे उठत नाहीत. कानस पुढे ढकलतानाच कापते, मागे घेताना ती जरा उचलायची. घाई करून मागेपुढे घासली तर दात बोथट होतात, बाकी काही नाही.

तिसरे काजळ. माझ्याकडे व्हर्नियर नाही, मग माप कसे घ्यायचे? तुकडा जिथे बसायचा त्या खाचेत काजळाचा पातळ हात द्यायचा आणि तुकडा बसवून पाहायचा. जिथे तो अडतो तिथे काळा डाग उमटतो. तेवढाच डाग कानशीने काढायचा आणि पुन्हा बसवून पाहायचा. धातू एकदा काढला की परत चिकटवता येत नाही, म्हणून थोडे थोडेच. अशी तीन दुपारी मी त्या खाचेलाच विचारत बसलो होतो.

हे अडाणी काम वाटेल कुणाला. पण यंत्रांची अचूकताही अशाच हातांतून जन्मली. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी एकच माप असावे असे सुचवले. तोवर ज्याचे त्याचे आटे वेगळे, एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेल याची खात्री नसे. त्याच्या एक वर्ष आधी त्याने खरी सपाट पाटी कशी करावी यावर निबंध वाचला होता. पद्धत साधी. एका पाटीला रंग लावून ती दुसरीवर टेकवायची आणि जिथे रंग लागेल तो उंचवटा खरवडायचा. दोनच पाट्या असतील तर एक फुगीर आणि एक खोलगट असूनही त्या जुळतील. पण तीन पाट्या आळीपाळीने एकमेकींशी जुळल्या, तर तिन्ही सपाटच असणार! म्हणजे यंत्राचे हजार तुकडे सारखे निघतात, त्यामागेही कुणीतरी डाग बघून खरवडलेलेच आहे.

शेवटी पंचाने खूण करून भोक पाडले. आधी बारीक, मग मोठे. खूण नसेल तर ड्रिल सरकते. लोहार म्हणाला, "गुरुजी, आता पाणी देऊन कडक करा." मी नको म्हटले. चाक बिडाचे आहे, ते पुन्हा मिळणार नाही. झिजायचेच असेल तर माझा तुकडा झिजू दे, दुसरा करता येईल. मशीन चालू झाले. ही म्हणाली, "आवाज थोडा वेगळा येतोय." एवढेच. पण त्या रात्री उशिरापर्यंत तो आवाज येत होता!

असो. कुणाला करून बघायचे असेल तर एकच सांगणे. तुटलेला तुकडा फेकू नका. कितीही झिजलेला असला तरी नव्याचा नकाशा तोच असतो.