सुटा यंत्रमानव

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून यंत्रमानव करणं म्हणजे पोरखेळ वाटेल. पण लेकाने जपानच्या बांदाई कंपनीचा ‘गंडम’ जोडायला घेतला नि मीही शेजारी बसले. १९८० साली हे संच निघाले तेव्हा गोंद लागे. आता भाग नुसते दाबले की बसतात. मात्र कापताना घाई नको! आधी थोडा दांडा ठेवून कापावं, मग उरलेला हलकेच छाटावा. नाहीतर पांढरा डाग पडतो. पारखताना सांधे पाहावेत, हात वर केला तर तो तसाच राहायला हवा.

प्रगतिपुस्तकात ‘चंचल’ शेरा मिळवणारा माझा लेक तीन तास जागचा हलला नाही! असा शेरा लिहिण्याआधी मुलाच्या हाती आपण काय दिलं, हे आम्हां शिक्षिकांनीही पाहावं, नाही का?