दिवसा पेटलेला दिवा

'दिवाळे' या शब्दाच्या पोटात दिवा आहे, हे बोलताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. व्यापारी बुडाला, देणी फेडणे हाताबाहेर गेले, की भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवायचा आणि पेठेने काय ते समजून घ्यायचे, अशी जुनी रीत होती. कोशकारांनी तिची नोंद केली आहे. दिवाळीच्या दिव्याने व्यापाऱ्याची नवी वही उघडते, दिवसाच्या दिव्याने जुनी मिटते. या रीतीतली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. बातमी सगळ्या धनकोंना एकाच वेळी कळते. एकाला आदल्या रात्री आणि दुसऱ्याला आठ दिवसांनी, असे होत नाही.

आमच्या वाट्याला आलेल्या दिवाळ्यात असा दिवा कोणी लावला नव्हता. वरवंडला मुलांसाठी एक छोटी अभ्यासिका आहे. ती चालवणाऱ्या मंडळींपैकी आम्ही. तेथे दोन संगणक असावेत म्हणून वर्गणी जमवली. कोणी शंभर दिले, कोणी पाचशे. गुऱ्हाळावर राबणाऱ्या एका बाईने दोन वेळा मिळून दीडशे दिले. त्यातले चाळीस हजार रुपये आम्ही शेजारच्या एका बाजारपेठेतील संगणकाच्या दुकानात आगाऊ भरले आणि रीतसर पावती घेतली. संगणक येण्याआधी दुकानाचे शटर खाली आले ते आलेच. दुकानाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. अशी दुकाने प्रत्येक तालुक्याच्या गावी होती आणि त्यांतली पुष्कळशी याच वाटेने गेली. सुटे भाग आणून जुळणी करायची, त्यावर चार पैसे मिळवायचे, हा त्यांचा धंदा. ग्राहक मोबाइलकडे वळला, उरलेला ऑनलाइन खरेदीकडे गेला. दुकानदाराच्या फळीवर राहिलेला माल मात्र दर सहा महिन्यांनी जुना होत गेला. धान्याचा भाव पडतो तसा चढतोही. मागच्या पिढीच्या मदरबोर्डचा भाव पुन्हा चढत नाही.

बंद शटरसमोर जमलेली माणसे पाहिली आणि 'धनको' हा एकच शब्द किती वेगवेगळ्या माणसांना लावला जातो, ते आमच्या लक्षात आले. कॅश क्रेडिट देणारी बँक होती. तिच्याकडे गहाणखत होते, म्हणून तिचा अधिकारी सर्वांत शांत होता. पुण्याच्या तपकीर गल्लीतून उधारीवर माल देणारा घाऊक व्यापारी होता. गाळ्याचा मालक होता. दोन महिन्यांचा पगार राहिलेला, जुळणी करणारा मुलगा होता. आमच्यासारखे आगाऊ रक्कम भरलेले होते. आणि काही जण असे होते, की ज्यांचे दुकानाकडे पैशाचे काहीच येणे नव्हते. त्यांचे संगणक दुरुस्तीसाठी आत अडकले होते. एका फोटोग्राफरच्या हार्ड डिस्कवर एका हंगामातली सगळी लग्ने होती.

मोठ्या दिवाळ्यात या माणसांचे काय होते, हे पाहायला लांब जायला नको. आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला ज्याचा कारखाना, त्या व्हिडिओकॉनचा दूरचित्रवाणी संच एके काळी मराठी घरांत प्रतिष्ठेचा होता. जून २०१८ मध्ये हा समूह मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. मान्य झालेले दावे सुमारे ६४,८३८ कोटी रुपयांचे होते आणि वेदांत समूहातील ट्विन स्टारने देऊ केलेली रक्कम २,९६२ कोटींची. म्हणजे शंभर रुपयांमागे साडेचार रुपयांच्या आसपास. माल व सेवा पुरवणाऱ्यांच्या, कायद्याच्या भाषेत परिचालन धनकोंच्या, वाट्याला शंभर रुपयांमागे ७२ पैसे येणार होते. न्यायाधिकरणाने ८ जून २०२१ रोजी योजनेला मान्यता दिली. पण हा हेअरकट म्हणायचा की मुंडण, असा प्रश्न त्याच निकालपत्रात विचारला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती मान्यता रद्द केली. आमचे लक्ष मात्र त्या ७२ पैशांवर खिळून राहिले. स्क्रू, खोकी, थर्माकोल पुरवणारे लघुउद्योजक त्या पैशांमागे उभे होते.

परदेशातही चित्र फार निराळे नाही. संगणक आणि विजेची उपकरणे विकणारी अमेरिकेतील सर्किट सिटी ही दुकानांची साखळी १० नोव्हेंबर २००८ रोजी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली आणि पुढच्या मार्चपर्यंत तिचे शेवटचे दुकान बंद झाले. विनातारण धनकोंच्या यादीत सर्वांत वर ह्यूलेट-पॅकार्ड आणि सॅमसंग होत्या. प्रत्येकीचे येणे अकरा कोटी डॉलरांहून अधिक. एवढे बुडूनही त्या दोन कंपन्या दुसऱ्या दिवशी आपली दारे उघडू शकल्या. पगार थांबलेल्या मुलाच्या घरी दुसऱ्या दिवशी काय शिजते, हा प्रश्न यादीतल्या क्रमांकावरून कळत नाही.

आपल्या २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने उतरंड ठरवून दिली आहे. विक्रीतून आलेल्या पैशांतून आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचे चोवीस महिन्यांपर्यंतचे वेतन आणि तारण असलेले धनको एका पायरीवर. मग इतर नोकरांचे बारा महिन्यांपर्यंतचे वेतन, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी, आणि त्यानंतर उरलेले सारे. आगाऊ रक्कम भरणाराही परिचालन धनको ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले. पण हे सगळे कंपन्यांसाठी. एका माणसाच्या मालकीचे दुकान या संहितेत अजून बसत नाही. त्याला १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम. पाचशे रुपयांच्या कर्जावर अर्ज करता येतो असे त्यात लिहिले आहे. त्या पाचशेंची किंमत काय उरली, हे कायद्याला विचारू नये. तरीही हा जुना कायदा शहाणा आहे. बुडण्याआधीच्या तीन महिन्यांत एखाद्याच धनकोला झुकते माप देऊन केलेला व्यवहार तो रद्द ठरवू शकतो. ज्याला बातमी आधी कळली त्याने टेम्पो आणून मॉनिटर उचलून न्यायचे, हे त्याला मान्य नाही. दिवसाच्या दिव्यामागचा न्याय तोच.

वरवंडच्या माणसाला धनको असणे नवे नाही. ऊस तोडून गाडीत भरला, की तो शेतकरी कारखान्याचा धनको होतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, न मिळाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. कागदावर हे स्पष्ट आहे. आमच्या शेजारचा पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना काही हंगाम बंद राहिला, तेव्हा चिमणीतून धूर निघण्याचे मोल या भागाला कळले. आणि ऋणको असणे तर त्याहून जुने. चौफुल्याहून दक्षिणेचा रस्ता धरला की सुपे लागते. तेथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जदार जेव्हा कागद जाळतो तेव्हा त्याचा विश्वास कागदावरून उडालेला असतो. ज्या मातीत हे घडले, तेथे धनको म्हणून उभे राहताना आम्हाला थोडे जपून बोलावे असे वाटले.

अभ्यासिकेच्या बैठकीत दोन तट पडले. दुकानातले प्रिंटर, टेबल, जे हाती लागेल ते आणावे, असे काहींचे म्हणणे. दुकानदार गरीब आहे, रक्कम सोडून द्यावी, असे काहींचे. दोन्ही बाजूंना आमचा विरोध होता. पहिल्या मार्गाने आपण दुसऱ्याच्या वाट्यावर हात टाकणार. दुसऱ्या मार्गाने जी दया दाखवणार, तिचे पैसे आपले नाहीत. आपल्या खिशातले पाचशे माफ करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. त्या बाईचे दीडशे माफ करण्याचा हक्क आम्हाला कोणी दिला?

शेवटी आम्ही दुकानदारालाच बोलावले. तो आला, हे त्याचे मोठेपण. सगळ्या धनकोंची नावे एका कागदावर लिहिली आणि कागद सगळ्यांना वाचून दाखवला. दुरुस्तीला आलेले संगणक पावत्या पाहून पहिल्याच दिवशी मालकांना परत दिले. ते दुकानाची मालमत्ता नव्हतेच, नुसती ठेव होती. फोटोग्राफरला त्याची लग्ने मिळाली. जुळणी करणाऱ्या मुलाने आपली हत्यारांची पेटी नेली. ती कोणी अडवली नाही, आणि कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत असे दिवाणी कायदाही म्हणतो. विनातारण येण्यांत मुलाचा पगार आधी द्यायचा, यावर घाऊक व्यापाऱ्यासकट सर्वांचे एकमत झाले. बँकेने आपला वाटा आपल्या वाटेने घेतला.

आमच्या चाळीस हजारांपैकी आजवर नऊ हजार आले आहेत, तेही पाचशे-हजाराच्या हप्त्यांनी. उरलेले एकतीस हजार अभ्यासिकेच्या ताळेबंदात दर वर्षी 'येणे' म्हणून दिसतात. दर वार्षिक सभेत कोणीतरी उठून ती रक्कम बुडीत म्हणून काढून टाकावी, हिशेब स्वच्छ दिसेल, असे सुचवतो. आम्ही ती ठेवतो. पैसे येतील अशी फार आशा आहे असे नव्हे. त्या ओळीत दीडशे रुपयांच्या दोन पावत्या आहेत, आणि त्या दुकानदाराची अजून न संपलेली पतही आहे.