चिंचवणी, पण वर्षातून एकदाच?

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरच्या मित्रांना सांगायला गेलं, की ते ऐकवतात, 'अरे, आमच्या पुण्यातही पारा चाळीसला जातो!' जातो ना. पण पुण्यात चाळीस ही बातमी असते आणि आपल्याकडे मे महिन्यात चाळीस म्हणजे बरा दिवस. ३० मे २०२४ ला तर रामदासपेठ भागातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले. सेन्सर बिघडला होता, हे हवामान खात्याने नंतर सांगितलं. तोवर आकडा मोबाइलवर गावभर फिरून आला होता. नवतपा सुरू असताना इथे कुठलाही आकडा खरा वाटू शकतो, राजे हो!

अशा शहरात प्यायचं काय, हा काही फॅशनचा प्रश्न नाही. आपल्या पिढीचं उत्तर मात्र ठरलेलं. फ्रीज उघडा, कोल्ड्रिंकची बाटली काढा. वीकएण्डला धरमपेठेतल्या एखाद्या कॅफेत बसा आणि स्ट्रॉ लावून 'टॅमरिंड कूलर' मागवा. आता हे टॅमरिंड कूलर म्हणजे नेमकं काय? चिंच, गोडवा, पाणी, बर्फ. घरी आजी याला चिंचवणी म्हणते.

विदर्भात अनेक घरांत अक्षय तृतीयेला चिंचवणी होते. नवी घागर भरायची, पितरांना नैवेद्य दाखवायचा आणि त्या ताटाशेजारी आंबट-गोड चिंचवणी ठेवायची. भर वैशाखात, पाण्याची सगळ्यात जास्त किंमत कळते त्या दिवसांत, गेलेल्या माणसांना आधी गार प्यायला द्यायचं. किती सुंदर कल्पना आहे! पण बघा, पितरांना वर्षातून एक दिवस चिंचवणी आणि जिवंत माणसांना उरलेला उन्हाळाभर कोला. हा हिशेब काही पटत नाही.

बरं, चिंच काही आपल्यापासून लांब गेलेली नाही. वर्धा रोडने मिहानला जाणारी आयटीतली मंडळी रोज दोनदा चिंचभुवनवरून जातात. गावाच्या नावातच चिंच! जेवणाच्या डब्यातल्या वरणात, भेळेच्या चटणीतही ती असतेच. ग्लासातून तेवढी गायब झाली.

ती परत आणायची तर एखाद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, इतवारी गाठा. मेट्रोने चितार ओळी चौकात उतरून पुढे चालत जाता येतं. इतवारी, बुधवारी, शनिवारी, मंगळवारी... या शहराने बाजाराच्या वारांवरून वस्त्यांची नावं ठेवलीत. इतवारीच्या किराणा ओळीत शिरलं, की आधी मिरचीचा ठसका लागतो, मग धणे, मग हळद. आणि मग दिसतात चिंचेचे ढीग, तपकिरी, चिकट, एकमेकांत रुतलेले. चिंच साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात झाडावरून उतरते, म्हणजे नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येते. शेजारच्या बस्तरमध्ये जगदलपूरला तर तिची मोठी बाजारपेठ आहे.

'ताई, नवी पाह्यजे का जुनी?' दुकानदार विचारतो. फरक काय, असं विचारलं तर म्हणतो, 'शरबताले नवी न्या, रंग उजळ येते. भाजीले जुनी चालते.' गुगलने एवढ्या कमी शब्दांत सांगितलं नसतं! शक्यतो चिंचोके काढलेली, फोडलेली चिंच घ्या. निवडायचा वेळ वाचतो.

कशी कराल?

एक वाटी चिंच, दोन वाट्या किसलेला गूळ. एवढं एकच प्रमाण लक्षात ठेवा. चिंच धुऊन दोन वाट्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजू द्या. घाई असेल तरी मिक्सर लावू नका. चुकून राहिलेले चिंचोके भरडले जातात आणि शिराही बारीक होऊन कोळात उतरतात. हातानेच कुस्करा, गाळणीतून कोळ काढा. चोथ्यावर पुन्हा थोडं पाणी घालून एकदा कुस्करलं, की उरलेला कोळही सुटतो. त्यात गूळ विरघळवा, चिमूटभर मीठ आणि वेलचीपूड घाला. सात-आठ ग्लास होतील इतकं माठातलं पाणी ओता. झाली चिंचवणी.

पीजीत किंवा एकटे राहत असाल तर कोळ आणि गूळ एकत्र दहा मिनिटं उकळा, गार करून काचेच्या बाटलीत भरा, फ्रीजमध्ये ठेवा. आठवडाभर काळजी नाही. लागेल तसे दोन-तीन चमचे ग्लासात घालायचे. गोड नको असेल तर गूळ न घातलेल्या कोळात काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, पुदिना आणि वरून गार सोडा. ऑफिसमधून आल्यावर याच्यासमोर आइस्ड टी फिका पडतो.

फक्त तांब्या-पितळेच्या आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांत हे ठेवू नका. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असतं. ज्या चिंचेने घरातली पितळी समई लख्ख निघते, तीच चिंच तासन्‌तास त्या धातूत राहिली तर धातू पेयात उतरेल. बाकीची बरीच फळं पिकताना आंबटपणा सोडतात. चिंच पिकते, गोड होते, पण हे आम्ल सोडत नाही. म्हणून तर भरपूर पाणी घातलं तरी तिची चव मरत नाही.

एक सांगायलाच हवं. गूळही शेवटी साखरच आहे, तेव्हा डायबिटीस असणाऱ्यांनी बिनगुळाचा प्रकार घ्यावा. आणि ऊन लागून ताप चढला, चक्कर आली, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं तर घरगुती उपाय करत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

गंमत म्हणजे आपण जिला इतकी आपली मानतो, ते झाड मूळचं आफ्रिकेतलं. अरबांनी तिला 'तमर हिंदी' म्हटलं, म्हणजे हिंदुस्थानी खजूर. त्यातूनच टॅमरिंड हा शब्द आला. १७५३ मध्ये लिनियसने शास्त्रीय नाव दिलं तेव्हाही त्यात 'इंडिका' ठेवलं. इजिप्तमध्ये रमजानमध्ये रोजा सोडताना तमर हिंदी नावाचंच सरबत पितात. मेक्सिकोत चिंचेचं पाणी मोठमोठ्या काचेच्या बरण्यांतून विकतात. त्यांनी ते रोजचं केलं. आपण सणापुरतं ठेवलं.

येत्या अक्षय तृतीयेला घरी चिंचवणी झाली, की ग्लास रिकामा करून उठू नका. आई किंवा आजीच्या शेजारी उभं राहा, त्यांच्या हाताचं प्रमाण बघून घ्या. ते प्रत्येक घरी वेगळं असतं आणि कुठेही लिहिलेलं नसतं. मग दुसऱ्या दिवशी स्वतः करा. नवतप्याला अजून वेळ असेल, सरावाला भरपूर दिवस मिळतील!